आई-बाबा, मे महिन्यात या, पण राबायला नको

आइंडहोवन, नेदरलँड्स
फेब्रुवारी, बुधवार (अन्वी झोपली आहे तोवर)

ती. बाबा आणि ती. आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर बाबा एकदम म्हणाले, "तिकडं तुमचं आहे कोण? पोरीला घ्या आणि सरळ परत या." मागून आईचा आवाज आला, "नाहीतर मी येते, सहा महिने राहते." मी "बघू" म्हणून वेळ मारून नेली, कारण अन्वीनं तोवर फोन तोंडात घातला होता. पण दोघांनाही उत्तर द्यायचं राहिलंय, आणि व्हॉट्सॲपवर असलं काही धड बोलून होत नाही. म्हणून हे पत्र. आई, तूच वाचून दाखव. बाबांच्या हातात दिलंस तर ते आधी शेवट वाचतील आणि मग भांडतील.

आधी 'आहे कोण' याचं सांगतो. अन्वीच्या वेळी मुक्ताची आई आली होती हे तुम्हाला माहीत आहे. पण आम्ही दवाखान्यातून घरी आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक डच बाईही उभी होती. बाळंतिणीच्या घरी पहिले आठेक दिवस रोज काही तास प्रशिक्षित बाई यायची इथं पद्धत आहे, तिला क्रामझोर्ग म्हणतात. खर्च आरोग्यविम्यातून होतो, तासामागं थोडे पैसे आपण घालायचे. आल्या आल्या तिनं पलंगाखालचे ठोकळे तपासले. पलंग कमरेइतका उंच हवा असं आम्हाला आधीच कळवलं होतं, कारण दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईच्या कंबरेची काळजी घेणं हे ज्याचं घर त्याचं काम! मला हे फार आवडलं. आपल्याकडं मालीशवाल्या बाईच्या कंबरेचा विचार कोणी केल्याचं मला आठवत नाही.

ती मुक्ताचे टाके बघायची, बाळाचं वजन आणि ताप वहीत लिहायची, बाथरूम धुवायची आणि मला लंगोट बांधायला शिकवायची. सासूबाईंनी नागपुराहून मोहरीची उशी आणली होती. या बाईनं ती उचलली, दाबून पाहिली, हसली आणि कपाटावर ठेवून दिली. बाळाच्या गादीवर काही म्हणजे काही नको. उशी नको, दुलई नको, मऊ खेळणं नको, आणि झोपवायचं पाठीवरच. १९८७ पासून इथं बाळांना पालथं झोपवू नका म्हणून सांगायला लागले आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. त्यामुळं या बाबतीत डच माणूस एक इंच मागं सरकत नाही. सासूबाई दोन दिवस गप्प होत्या. मग थंडी पडली तेव्हा त्या बाईनं धातूच्या दोन बाटल्या काढल्या, उकळतं पाणी भरलं, बूच आवळून उलट्या धरून गळत नाहीत ना ते बघितलं, लोकरीच्या पिशव्या चढवल्या आणि बूच पायांकडं करून अन्वीपासून तळहाताच्या रुंदीइतक्या लांब ठेवल्या. "शेगडी नाही, पण शेक आहे," असं म्हणून सासूबाईंनी तिला त्या दिवशी पहिल्यांदा चहा विचारला.

आणि आई, तुला गंमत सांगायची राहिलीच. बाळ झालं की बघायला येणाऱ्याला इथं पेढा नसतो. कडक गोल टोस्टाला लोणी लावतात आणि त्यावर साखरेत घोळलेली बडीशेप पेरतात, मुलगी झाली तर गुलाबी-पांढरी, मुलगा झाला तर निळी-पांढरी. बडीशेपेनं बाळंतिणीला दूध येतं असं इथली जुनी माणसं म्हणतात. तू पाठवलेल्या बाळंतशोपा मुक्ता जेवणानंतर खायची तेव्हा ती बाई वास घेऊन म्हणाली, हे मला ठाऊक आहे. अळीवसुद्धा मिळतात इथं, पण त्यांचे लाडू कोणी करत नाही. छोट्या ट्रेमध्ये कोवळे मोड आलेले विकतात आणि पावावर चिमटीनं कापून घालतात. तुझे लाडू खाऊन झाल्यावर मी तेच आणून मुक्ताच्या कोशिंबिरीत घातले. ती म्हणाली, लाडूच बरे.

आता तुझा आवडता विषय, अंघोळ. इथं लहान बाळाला उभट बादलीत बसवतात, पाणी खांद्यापर्यंत. फोटो बघून तू "बादलीत कसलं बाळ" म्हणालीस, पण त्यात ती इतकी शांत व्हायची की आम्हीच तिला बाहेर काढायचो नाही. आता बादलीत मावत नाही. त्यामुळं दर बुधवारी तुझ्या देखरेखीखाली जे चालतं तेच बरं. तेल कोमट करणं हा वेगळाच उद्योग आहे. हिवाळ्यात खोबरेल दगडासारखं घट्ट होतं, म्हणून बाटली आदल्या रात्री रेडिएटरवर ठेवतो. मग बाथरूममध्ये बुटक्या स्टुलावर बसायचं, पाय लांब करून तिला पायांवर पालथी घ्यायची, आणि तू सांगलीहून व्हिडिओ कॉलवर दुपारी तीन वाजता "मान धर, मान धर" ओरडायचीस. मान ती कधीच स्वतः धरायला लागली आहे. पण तू ओरड, त्याशिवाय तिला ती अंघोळ वाटत नाही.

काजळ, तीट आणि मध मात्र नाही. इथल्या बालतपासणी केंद्रात (दर थोड्या महिन्यांनी तिथं वजन-उंची आणि लसी होतात) वर्षाच्या आत मध अजिबात देऊ नका असं स्पष्ट सांगितलंय, मधातल्या जंतूंनी इतक्या लहान बाळाला विषबाधा होऊ शकते. काजळात शिसं असण्याची भीती. उन्हाची तर इथं बोंबच, म्हणून ड जीवनसत्त्वाचे थेंब रोज, तेही चार वर्षांची होईपर्यंत. धुरीचा प्रयोग सासूबाईंनी एकदा करून पाहिला. घरात प्रत्येक मजल्यावर धुराची घंटा असते, कायदाच आहे तसा. पुढचं तुम्ही ओळखा. शेजारच्या आजी गाऊनवर धावत आल्या.

बाबा, आता तुमच्याकडं वळतो. तुम्हाला बुधवार खटकतोय. "बायको कामाला आणि हा घरात" असं तुम्ही मला म्हणाला नाहीत, आईमार्फत पोचवलंत. तर ऐका. इथं बाळाच्या बापाला पहिला आठवडा पूर्ण पगारी रजा मिळते, नंतर पाच आठवडे सत्तर टक्क्यांवर. शिवाय आई-बाप दोघांनाही प्रत्येकी नऊ आठवडे पालक रजा सत्तर टक्क्यांवर, पण ती बाळाचं वर्ष पुरं व्हायच्या आत घेतली तरच. ती सलग घ्यायची सक्ती नाही. मी ती आठवड्याला एक दिवस अशी पसरून घेतली आहे. माझ्या टीममधले अर्धेअधिक बाप हेच करतात, आणि बुधवारी दुपारी बागेत गेलं की झोपाळ्यांपाशी सगळे पुरुषच दिसतात. नोकरीत मागं पडेन का? थोडा पडेनही. यंदाचं प्रमोशन दुसऱ्याला मिळालं, त्याला मुलं नाहीत. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण अन्वी उभी राहिली तो बुधवार होता.

मी झालो तेव्हा तुम्ही डेपोच्या वर्कशॉपमध्ये डबल ड्यूटी करत होतात आणि मिरजेला मला बघायला तिसऱ्या दिवशी आलात, हे आजी सांगायची. तक्रार म्हणून लिहीत नाही. तुम्हाला मिळाली असती तर तुम्हीही ही रजा घेतली असतीत, असं मला आपलं वाटतं. आई आता हसत असेल.

मुक्ताची रजा सोळा आठवड्यांची होती, त्यातले काही बाळंतपणाच्या आधीच गेले. म्हणजे अन्वी तीन महिन्यांची असतानाच पाळणाघरात जायला लागली. सोमवार, मंगळवार, गुरुवार तिकडं, बुधवार माझा, शुक्रवार मुक्ताचा. तिथं दुपारी बाळांना बाहेर अंगणात, वर छप्पर आणि जाळीचं दार असलेल्या लाकडी खाटांमध्ये झोपवतात. थंडीत! कपड्यांचे थर घालून, झोपायच्या पिशवीत. पहिल्या दिवशी मी ऑफिसातून चारदा फोन केला. आता ती घरापेक्षा तिथं जास्त वेळ झोपते. सर्दी मात्र सगळी तिथूनच येते आणि आमच्या तिघांमध्ये फिरून मग परत जाते.

आजारपणाचं मात्र मला अजून पटलेलं नाही. नोव्हेंबरात तिला रात्री १०३ ताप होता. इथं थेट दवाखान्यात जाता येत नाही. रात्रीच्या डॉक्टरांच्या केंद्रावर आधी फोन करायचा, तिथली नर्स प्रश्न विचारते आणि मग ठरवते. दूध पितेय का, लंगोट ओला होतोय का, हाक मारली तर बघते का. तिन्हीला मी हो म्हणालो. मग पॅरासिटमॉल द्या, सकाळी फोन करा. आई, तुला मी हे तेव्हा सांगितलं नव्हतं, कारण तू त्याच रात्री जोशी डॉक्टरांना झोपेतून उठवलं असतंस. सकाळी ताप उतरला होता. विनाकारण अँटिबायोटिक न देण्याबद्दल मला या लोकांचं कौतुक आहे. तरी इतक्या लहान पोरीला एकदा डोळ्यांनी बघायला काय जातं, हा माझा प्रश्न कायम आहे.

पण खरं अवघड हे नाही. रात्रीची जागरणं नाहीत, थंडी नाही, पाच वाजता पडणारा अंधारही नाही. परवा संध्याकाळी मुक्ता ट्रेनमध्ये अडकली होती. वरण उतू चाललेलं, दाराची बेल वाजतेय, कुरियरवाला परत जाणार, आणि अन्वी लंगोट अर्धा बदललेल्या अवस्थेत टेबलावर. एक हात तिच्या पोटावर ठेवून मी तसाच उभा राहिलो. वरण उतू गेलं, कुरियर परत गेलं. सांगलीत असतो तर समोरच्या काकूंना हाक मारली असती. काकू नसत्या तर भाजीवालीनं धरली असती. "जरा धरा हो हिला" एवढं म्हणायला इथं कोणी नाही. शेजारच्या आजी खरंच प्रेमळ आहेत, अन्वी झाली तेव्हा खिडकीत आम्ही लावलेला कागदी करकोचा (बाळ झाल्याची इथली खूण) बघून त्यांनीच गल्लीभर बातमी दिली. पण त्यांच्याकडं सोडायचं तरी आधी डायरी उघडून वेळ ठरवावी लागते. ठरवून मिळालेले दोन तास आणि न मागता मिळालेली दहा मिनिटं यांत मला दहा मिनिटंच हवीत.

म्हणून बाबा, परत यायचं की नाही हे आम्ही अजून ठरवलेलं नाही. ठरवू तेव्हा आमच्या कामाचा, घराचा, तुमच्या वयाचा सगळा हिशेब मांडून ठरवू. पोरीचे हाल होतायत म्हणून यायचं, हे मात्र नाही. तिचे हाल होत नाहीत. आणि ती 'तिकडची' झाली का असं तुम्ही विचारलंत, तर नाही. इथं जन्मली म्हणून डच नागरिकत्व मिळत नाही. हेगच्या आपल्या दूतावासात जन्माची नोंद करून तिचा निळा भारतीय पासपोर्ट काढलाय. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, असा तिचा फोटो काढताना स्टुडिओवाला घामाघूम झाला.

आई, सहा महिने राहता येणार नाही. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, एवढाच पाहुण्यांचा व्हिसा. पण मेमध्ये या, वाढदिवसही होईल आणि रात्री दहापर्यंत उजेड असतो. एकच अट आहे. सासूबाईंनी तीन महिन्यांत आमचं स्वयंपाकघर आणि बाळाची खोली एवढाच हॉलंड पाहिला, आणि जाताना त्यांची पाठ धरली होती. तुझं तसं होऊ द्यायचं नाही. पोळ्या मी करतो, जाड होतात, त्या खायच्या. तू फक्त घरात अस. बाबांनी अन्वीला घेऊन बागेत जावं, आणि आमच्या पुढं पेटी असलेल्या सायकलचा मागचा ब्रेक बघावा. करकर आवाज येतो, आणि इथल्या दुरुस्तीवाल्याचा तासाचा दर ऐकलात तर पाना तुम्हीच हातात घ्याल.

सामानाचं आत्ताच सांगतो. तूप, पेढे, खवा काही आणायचं नाही. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. हापूस आणि कढीपत्ताही राहू द्या. नारळ चालतो. मेतकूट आण, घरची हळद आण, आणि नाचणीचं सत्त्व पाव किलो. मागच्या वेळी तू "अंदाजानं शिजव" म्हणालीस, त्याची खळ झाली. या वेळी वाटी-चमच्याच्या मापात लिहून पाठव.

तुमच्या व्हिसासाठी मी हमीपत्राचा फॉर्म भरलाय. पुढच्या आठवड्यात नगरपालिकेत जाऊन त्यांच्यासमोर सही करतो आणि मूळ कागद कुरियरनं पाठवतो. बाबा, दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाचे फोटो पाठवा, अंगठा मध्ये न येता. विमा मी इथून काढतो, निदान ३०,००० युरोंचा लागतो. मुंबईहून ॲम्स्टरडॅमला थेट विमान आहे, मधे कुठं बदलायचं नाही. मी विमानतळावर असेन.

अन्वी उठली. तिचा आणि मुक्ताचा तुम्हाला नमस्कार.

तुमचा,
निखिल

ता. क. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या तीन महिन्यांच्या पुरेशा घ्या, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत टाईप करून. हाताची नको, ती आपल्यालाच वाचता येत नाही.