शेवंतीच्या पाठीला मापाचं सॅडल मिळालं, काका

तीर्थस्वरूप काका,
सादर नमस्कार.

माझी घोडी शेवंती आता सॅडलचा पोटाखालचा पट्टा, म्हणजे तंग, आवळताना मान वळवून दात दाखवत नाही. कान मागे पाडत नाही. अडथळ्यापुढे येऊन अचानक थबकणं बंद झालं आहे, आणि उडी मारताना ती पाठ गोल करून मान खाली सोडते. ही बातमी सगळ्यांत आधी तुमच्या कानांवर जायला हवी होती.

पत्र चारचौघांत लिहिते आहे, त्याला कारण आहे. गोव्यात घोडा पाळणारे थोडे, त्यांत अडथळ्यांवरून उड्या मारणारे आणखी थोडे, आणि घोड्याच्या पाठीवर हात फिरवून सॅडल ठरवून देणारं तर मला तुमच्याखेरीज कुणीच भेटलं नाही. सोळाव्या शतकात अरबी आणि इराणी घोडे जहाजांतून याच गोव्याच्या बंदरात उतरायचे आणि घाट चढून विजयनगरला जायचे. तेव्हा इथे घोड्यांची, खोगिरांची जाण असलेली माणसं किती असतील! आज ती जाण सत्तरी तालुक्यातल्या एका कुळागरात, पोफळीच्या सावलीत बसली आहे. तुम्ही मला जे शिकवलंत ते माझ्यासारख्या आणखी चार जणांना उपयोगी पडावं, म्हणून आभारांसोबत तेही लिहिते.

तुम्ही भेटलात तेव्हा माझी अवस्था तुम्ही पाहिलीच होती. शेवंती रेसकोर्सवरून निवृत्त झालेली थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीची घोडी. मान संपून पाठ सुरू होते तिथला उंचवटा, विदर्स, तिचा चांगलाच उंच आणि मागेपर्यंत लांबलेला. त्याच्या दोन्ही अंगांना खांद्यामागे खळगे. पाठ आखूड आणि मधोमध खोलगट. साधारण रुंदीचं सॅडल ठेवलं की ते पुढून खाली बसून थेट हाडावर टेकायचं, आणि अरुंद घेतलं की खांदे चिमटायचे. हातात सगळे मिळून 30,000 रुपये. युरोपातल्या नव्या जंपिंग सॅडलच्या किमती लाखांत, तेव्हा तो विचारच नव्हता. जो तो सल्ला द्यायचा: खाली जाड पॅड घाल, तोंडातलं कडियाळं कडक लाव, घोडीच आडमुठी आहे, विकून टाक.

तुम्ही म्हणालात, "बाय, सॅडल नको आणू. घोडी दाखव." आणि त्याच्याही आधी पशुवैद्याकडून पाठ, पाय आणि दात तपासून घ्यायला लावलेत. दुखणं दुसरीकडे असेल तर जगातलं कुठलंही सॅडल बसणार नाही, हे तुमचं वाक्य मी तबेल्याच्या फळ्यावर लिहून ठेवलं आहे.

मग ते माप. वायरमनकडची रबरी आवरणाची जाड तार तुम्ही घेतलीत. खांद्याच्या फऱ्याच्या मागे दोन बोटं सोडून ती पाठीवर आडवी दाबून बसवलीत, आकार न मोडता उचललीत आणि पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीने गिरवलीत. तसंच पाठीच्या सर्वांत खोल जागी, तसंच शेवटच्या बरगडीपाशी, आणि एक रेघ विदर्सपासून मागे कण्याच्या लांबीने. प्रत्येक पुठ्ठ्यावर तारीख आणि डावं-उजवं लिहायला लावलंत. डावा खांदा उजव्यापेक्षा भरलेला आहे, हे रोज खरारा करणाऱ्या मला कधी दिसलं नव्हतं. पुठ्ठ्यावर ते लख्ख दिसलं.

त्या पुठ्ठ्यांनी माझे किती पैसे वाचवले, ते सांगायलाच हवं. जुनी सॅडलं विकणारे पुण्याला, मुंबईला, बंगळुरूला. प्रत्येक सॅडल मागवून, बसवून, नाही जमलं की परत पाठवायचं, तर भाड्यातच अर्धे पैसे गेले असते. तुमच्या सांगण्यावरून मी पुठ्ठा कापून त्याच्या प्रती विकणाऱ्यांकडे पाठवल्या. सॅडल उलटं धरा, हा पुठ्ठा पुढच्या कमानीखाली आणि हा पॅनेलवर, म्हणजे खालच्या गादीवर, धरून फोटो पाठवा, इतकीच विनंती केली. बरीच सॅडलं तिथल्या तिथेच बाद झाली. ज्यांचं बजेट माझ्यासारखं आहे त्यांनी दुसरं काही केलं नाही तरी हे जरूर करावं.

खांद्याचा धडा मी विसरणार नाही. तुम्ही शेवंतीचा पुढचा पाय उचलून हळूच पुढे ओढलात आणि माझा तळवा तिच्या फऱ्याच्या वरच्या कडेवर ठेवलात. पाय पुढे गेला तशी ती कड माझ्या हाताखालून मागे सरकली. अडथळ्यावर झेप घेताना ती दर वेळी अशीच सरकते. जंपिंग सॅडलची स्वाराच्या पायाखालची झडप पुढे झुकलेली असते, आखूड रिकिबीत वर आलेल्या गुडघ्याला जागा मिळावी म्हणून. इटलीच्या घोडदळातले अधिकारी फेदेरिको काप्रिली (1868–1907) यांनी स्वाराला पुढे झुकून घोड्यासोबत जायला शिकवलं, तेव्हापासून हा आकार रूढ होत गेला. झडप पुढे आहे म्हणून सगळं सॅडलच पुढे सरकवून ठेवणारे मी कितीतरी पाहिले आहेत. झडप खांद्यावर आली तर चालेल, पण आतल्या सांगाड्याची, म्हणजे ट्रीची, टोकं फऱ्याच्या मागेच राहिली पाहिजेत, हे तुम्ही हाताला दाखवून दिलंत. सॅडल थोडं पुढे ठेवून मागे सरकवत न्यायचं, आणि ते आपणहून जिथे थांबेल ती त्याची जागा. मागची हद्दही तुम्हीच दाखवलीत. घोड्याला बरगड्यांच्या साधारण 18 जोड्या, आणि शेवटच्या जोडीच्या मागे भार जाता कामा नये. शेवंतीच्या आखूड पाठीवर पुढची आणि मागची हद्द मोजली तेव्हा कळलं की लांब पॅनेलचं सॅडल आमच्यासाठी नाहीच.

आणि रिकिबीचा भार! स्वार खुर्चीत बसल्यासारखा बसतो तेव्हा त्याचं वजन पॅनेलभर पसरतं. उडीसाठी तो वर उठला की बरंचसं वजन रिकिबीच्या पट्ट्यांतून सॅडलच्या पुढच्या भागातल्या लोखंडी बारवर जातं, अगदी ट्रीच्या टोकांजवळ. म्हणून विदर्स आणि सॅडलच्या कमानीमध्ये तीन बोटं जागा आहे की नाही ते घोडं नुसतं उभं असताना बघून पुरत नाही. तुम्ही मला तंग आवळून, वर बसून, रिकिबीत उभं राहायला सांगितलंत आणि स्वतः बोटं घालून पाहिलीत. खाली उभं राहून तीन बोटं जाणाऱ्या एका सॅडलमध्ये तेव्हा एक बोटही जाईना.

पॅडबद्दल तुम्ही रागावलात, ते बरं झालं. आधीच घट्ट असलेल्या बुटात जाड मोजे घातल्यासारखं आहे ते, असं म्हणालात. अरुंद सॅडलखाली जितकं भरावं तितकं ते जास्त चिमटतं.

त्या युरोपियन सॅडलची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. जुनं, पण चामडं लोण्यासारखं, गुडघ्याची उशी अगदी माझ्या मापाची, किंमत कशीबशी आवाक्यात. मला ते फार आवडलं होतं. तुम्ही पॅड न घालता ते शेवंतीवर ठेवलंत आणि पॅनेलखालून तळहात पुढून मागे नेलात. पुढे टेकलेलं, मागे टेकलेलं, मध्ये हात मोकळा. पुलासारखं दोन टोकांवर उभं. पॅनेलमध्ये फोम होता. लोकर असती तर तुम्ही काढून, घालून आकार दिला असता, फोमचं तसं करता येत नाही. तुम्ही त्या सॅडलला नावं ठेवली नाहीत. सपाट पाठीच्या घोड्याला हे उत्तम बसेल, एवढंच बोललात. माझा उतरलेला चेहरा पाहून काकींनी चहा ठेवला, तोही लक्षात आहे.

सिंथेटिक घ्यावं असंही माझ्या मनात होतं. आपल्या पावसात चामड्यावर बुरशी धरते, आणि विंटेकसारख्या कंपनीच्या सॅडलमध्ये पुढची लोखंडी पट्टी बदलून रुंदी बदलता येते. तुम्ही तो पर्याय खुला ठेवलात, पण एक गोष्ट नीट समजावलीत: पट्टी बदलली की फक्त पुढची कमान बदलते. ट्रीचा पुढून मागे जाणारा बाक आणि पॅनेलचा आकार तसाच राहतो. शेवंतीची अडचण दोन्हीकडे होती. म्हणून शोध ठरला तो असा: बदलती पट्टी, शिवाय लोकर भरलेलं पॅनेल, आखूड, आणि मध्ये थोडा बाक असलेली ट्री.

तसं सॅडल सापडलं ते कानपूरला बनलेलं, पुण्यातल्या एका मुलीने स्वारी सोडली म्हणून विकायला काढलेलं, 18,000 रुपयांत. कानपूरच्या सॅडलरीला भौगोलिक मानांकन आहे, घोडदळाच्या काळापासून तिथे हे काम चालतं, हे मला तुमच्याकडूनच कळलं. तरी पैसे देण्याआधी तुम्ही ते सॅडल ज्या तऱ्हेने तपासलंत! पुढची कमान मांडीला टेकवून मागची कड आपल्याकडे ओढून पाहिलीत, बैठकीवर वेडीवाकडी सुरकुती पडते का, आतून करकर येते का ते ऐकलंत. कमानीची दोन्ही टोकं एकमेकांकडे दाबलीत. मागून एका डोळ्याने बघत पॅनेल सारखं आहे का ते पाहिलंत, दोन पॅनेलमधली फट कण्यासाठी पुढपासून मागपर्यंत पुरेशी रुंद आहे ना तेही. तंगाचे पट्टे एकेक करून वाकवलेत, भोकं लांबली आहेत का, शिवण सुटते आहे का ते चाचपलंत. तुटलेल्या ट्रीचं सॅडल फुकट मिळालं तरी महाग, हे तुमचे शब्द.

आत गोळे झालेली जुनी लोकर तुम्ही उपसून काढलीत आणि धुऊन पिंजलेली नवी लोकर लांब सळईने थोडी थोडी, जागेवर नेऊन भरलीत. मी बाजूला बसून पाहत होते. मूठभर घालायची, तळहाताने दाबून बघायचं, पुन्हा चिमूटभर. शेवंतीला आणून ठेवायचं, उचलायचं, पुन्हा आरी आणि मेणाचा दोरा. घाई म्हणून नाही. लष्करात सॅडलर म्हणून काढलेली सगळी वर्षं त्या बोटांत दिसत होती. आणि दर वेळी सॅडल पाठीवर ठेवण्याआधी तुम्ही ते तिच्या नाकापुढे धरायचात. तिने हुंगलं की मगच. याबद्दल मी तुमची सर्वांत जास्त ऋणी आहे. जिला सॅडल म्हणजे दुखणं एवढंच ठाऊक झालं होतं, तिला तुम्ही पुन्हा विचारून घेतलंत.

सॅडल मुद्दाम किंचित रुंद ठेवलंत, कारण खांद्यामागचे खळगे भरून येतील तेव्हा त्या स्नायूंना जागा लागेल. तोवर कप्प्यांच्या हाफ पॅडमध्ये पातळ पट्ट्या, उजवीकडे एक जास्त. उरलेल्या पैशांत ते पॅड आणि पुढे बाक असलेला तंग बसला. उजवीकडची जादा पट्टी आता निघाली आहे, काका. नवा पुठ्ठा काढून जुन्यावर ठेवला, दोन्ही खांद्यांतला फरक जवळजवळ मिटला आहे. स्वारीनंतर घामाचे डाग रोज बघते. ओल्या ठशाच्या मध्येच कोरडा गोल दिसला तर तिथे दाब पडतो आहे असं समजून तुम्हाला फोन करायचा, हे पाठ आहे. अजून तसा दिसला नाही. चढतानाही जमिनीवरून रिकीब ओढत नाही, तबेल्याशी चिरे रचून पायरी केली आहे. चामडं ओल्या फडक्याने पुसून, ग्लिसरीनचा साबण लावून, सावलीत वाऱ्यावर सुकवते. तेल तुम्ही सांगितलंत तेवढंच.

तुम्ही लोकरीच्या किमतीपलीकडे एक पैसा घेतला नाहीत. मी आग्रह केला तर म्हणालात, घोडीला वाढलेलं गाजर मला पोचलं. ते मी मान्य केलं, पण ऋण राहतंच, आणि ते राहू द्यावं असं मला वाटतं.

नवी लोकर पहिल्या काही महिन्यांत दबते, तेव्हा पुन्हा दाखवायला आण, असं तुम्ही बजावलं होतं. पाऊस उघडला की शेवंतीला घेऊन येते. फोंड्याच्या एका ताईंनीही तुमच्याबद्दल विचारलं आहे. त्यांचा काठियावाडी घोडा आहे, त्यालाही कुठलंच सॅडल बसत नाही. त्यांना तार आणि पुठ्ठा कसा वापरायचा ते मी दाखवलं आणि मापं काढून घेतली आहेत. ती सोबत आणू का, आणि तुम्हाला कुठला दिवस सोयीचा पडेल, तेवढं कळवा. काकींना नमस्कार.

आपली,
शेवंतीवाली
डिचोली, गोवा