रायफल अंगाला बेतून देणारा माणूस रेंजवर हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या नेमबाजीत ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून) ब्राँझपदक मिळवले. तेव्हापासून आपल्या भागात पोरांना रायफल घेऊन देणारे पालक ठळकपणे दिसू लागले आहेत. त्याआधी २०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंतने ५० मीटर प्रोनमध्ये, म्हणजे झोपून नेम धरण्याच्या प्रकारात, जगज्जेतेपद मिळवले होते, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबतने २५ मीटर पिस्तूलचे सुवर्ण आणले होते. म्हणजे कोल्हापूरला हा खेळ नवा नाही. वर्तमानपत्रांतून पदकांवर, सरावाच्या रेंजच्या अवस्थेवर आणि रायफलींच्या किमतीवर लिहिले जाते, तेही योग्यच. पण रायफल घेतल्यावर ती खेळाडूच्या अंगाला बसवायची कोणी आणि कशी, यावर कोणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही. त्यासाठी हे पत्र.

मी शिवाजी उद्यमनगरात टूलरूम चालवतो. जिग, फिक्श्चर आणि डाय ही आमची रोजची कामे. भाचीची मुलगी दहा मीटर एअर रायफल खेळते, त्यामुळे तिच्या रेंजवरचे पालक ओळखीचे झाले आणि हळूहळू वर्कशॉपवर यायला लागले. "मामा, पोरीच्या खांद्याला बसंना ही, जरा बघा की," असे म्हणत बॅग टेबलावर ठेवतात. माझी मर्यादा मी पहिल्यांदाच सांगतो. बॅरल (नळी), ॲक्शन (गोळी भरणारी-झाडणारी यंत्रणा) आणि ट्रिगर यांची दुरुस्ती किंवा त्यांत फेरफार मी करत नाही, ते काम परवाना असलेल्या गनस्मिथचे. दस्ता, गालाची पट्टी, खांद्याला टेकणारी बट प्लेट, हाताचा आधार आणि वजने एवढेच मी बघतो. रायफल रिकामी आहे ना, हे आणणाऱ्याने माझ्यासमोर उघडून दाखवल्याशिवाय बॅगेतून बाहेर काढू देत नाही. ४.५ मिलिमीटरच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलीला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. म्हणून ही शिस्त ढिली पडू देऊन चालत नाही.

आता मुद्द्यावर येतो. लाकडी दस्त्याच्या जागी हल्ली ॲल्युमिनियमची चॅसिस आली आहे. मधे ॲल्युमिनियमचा कणा असतो, त्यात ॲक्शन बसते, आणि मागे-पुढे सरकणारे सुटे भाग त्याला जोडलेले असतात. ॲल्युमिनियमची घनता २.७, पोलादाची साधारण ७.८५. परदेशात त्याहून हलकी म्हणून मॅग्नेशियम मिश्रधातू आणि कार्बन फायबरही वापरतात. कॅनडाच्या एमडीटी कंपनीची शिकारीच्या रायफलीसाठीची एचएनटी२६ ही चॅसिस २६ औंसांची आहे, म्हणजे पाऊण किलोच्या आत. अशा वस्तूंचे व्हिडिओ बघून आपले पालक विचारतात, "सर्वांत हलकी कुठली? तीच घेऊ."

इथे थोडे थांबायला हवे. त्या चॅसिस कोणाची कुठली गरज भागवतात ते आधी समजून घेऊया. तिकडे शिकारी माणूस दिवसभर डोंगर चढतो आणि गोळ्या मोजक्या झाडतो. त्याला खांद्यावरचे ओझे कमी हवे असते. तिकडच्या लांब पल्ल्याच्या स्पर्धेतल्या नेमबाजाला रायफल जड हवी असते, कारण जड रायफल कमी उसळते आणि आपली गोळी कुठे लागली ते दुर्बिणीतून दिसते. त्याच गोळीसाठी रायफलीचे वजन निम्मे केले, तर धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते, हे साधे गणित आहे. एकाच रायफलीवर शिकार आणि स्पर्धा दोन्ही करू बघणाऱ्यांसाठी हलकी चॅसिस आणि तिला हवी तेव्हा लावता येणारी वजने ही सोय निघाली. अमेरिकेतल्या एनआरएल हंटर स्पर्धेत हलक्या गटाला १२ पौंडांची मर्यादा आहे, म्हणजे साडेपाच किलोला थोडे कमी.

आपल्याकडे शिकारीचा प्रश्नच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संपवला आणि ते बरे झाले. दाजीपूरचे जंगल संस्थानच्या काळात शिकारीसाठी राखलेले होते, १९५८ मध्ये तिथे गव्यांचे अभयारण्य झाले. आज आमची मुले तिथे गवा बघायला जातात, तसेच राहू दे. पण त्या शिकारी चॅसिसमधली एक गोष्ट आपल्या दहा मीटरच्या पोरांनाही जशीच्या तशी लागू पडते. चौकट हलकी असली की शिल्लक राहिलेले वजन कुठे ठेवायचे, हे ठरवणे आपल्या हातात येते. हलकेपणाचा खरा फायदा तो आहे. नुसती हलकी रायफल घेऊन उभी राहिलेली मुलगी नाडीच्या प्रत्येक ठोक्यासरशी हलते.

एअर रायफलीला आंतरराष्ट्रीय नियमांत सगळ्या जोडण्यांसकट ५.५ किलोची कमाल मर्यादा आहे. स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० नेम मारायचे, शिवाय आधी सरावाचे. दर वेळी ती रायफल उचलायची, ठेवायची, पुन्हा उचलायची. समोरच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. त्यात बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात मोठ्या माणसाच्या मापाची रायफल दिली, तर ती काय करते? कमरेतून मागे वाकते, मान पुढे काढते, आणि गाल पट्टीवर टेकत नाही म्हणून डोळा साइटकडे (नेम धरण्याच्या भोकाकडे) नेते. महिन्याभरात पाठ दुखायला लागते आणि घरचे म्हणतात, हिला जमत नाही. कोल्हापूरच्या कुठल्याही तालमीत वस्ताद लहान पोराच्या हातात थोरल्या पैलवानाचा मुद्गल देत नाही. रेंजवर मात्र आपण ते सर्रास करतो.

माझ्या नातीचेच सांगतो. तिला रायफल धरून डोळे मिटायला सांगितले. मान सैल, गाल पट्टीवर अलगद, दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. डोळा मागच्या साइटच्या भोकातून सरळ पलीकडे गेला पाहिजे. तिला दिसला फक्त भोकाचा खालचा काठ. पट्टी खाली होती. मिलिमीटर मिलिमीटर वर घेत गेलो, तेव्हा कुठे पुढच्या साइटचे कडे मधोमध आले. मग बट प्लेट. ती खांद्याच्या खोबणीत न बसता दंडाकडे सरकत होती. मधले एक स्पेसर (जाडी वाढवणारी चकती) काढून दस्त्याची लांबी कमी केली, प्लेट थोडी खाली घेतली. रायफलीखालचा, डाव्या हातावर टेकणारा आधार इतका उंच केला की कोपर कमरेच्या हाडावर टेकला. आता रायफल हाडांवर तोलली गेली, स्नायूंवर नाही. पुन्हा डोळे मिटून उघडले तर नेम लक्ष्याच्या उजवीकडे. तो हाताने ढकलून मधे आणायचा नसतो, पायाची जागा बदलायची असते. हे तिच्या प्रशिक्षकांनी तिला आधीच शिकवले होते. माप बसल्यावर ते तिला करता आले.

वजनाचे काम सगळ्यात शेवटी. रायफल टेबलावरच्या गोल बारवर आडवी ठेवून तोल कुठे येतो त्या जागी पेन्सिलीने खूण केली. नंतर वजने लावून बघितली. डाव्या हातापासून ६० सेंटिमीटर पुढे, बॅरलच्या टोकाला लावलेले १०० ग्रॅम आणि हातापासून २० सेंटिमीटरवरचे ३०० ग्रॅम नळीला सारखेच खाली झुकवतात. म्हणून "वजन लाव" एवढे सांगून भागत नाही, कुठे लाव ते सांगावे लागते. टोकाचे वजन नळी शांत ठेवते, पण लहान मुलीच्या पाठीला ते महागात पडते. तिच्यासाठी आम्ही थोडेसे टोकाला आणि बाकीचे हाताच्या जवळ ठेवले. ५.५ किलोच्या बरेच खाली थांबलो. ती वाढेल तसे वजनही वाढवता येईल.

आणखी एक गोष्ट, ज्यांच्याकडे परवान्याची ०.२२ रायफल आहे त्यांच्यासाठी. चॅसिस घेतली, चार स्क्रू आवळले, झाले, असे समजू नका. एका नेमबाजाने नवी चॅसिस बसवलेली रायफल माझ्याकडे आणली. गट फाटत होता, म्हणजे गोळ्या एका जागी न लागता विखुरत होत्या. तो समोर बसलेला असतानाच बॅरलला डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारे मापक) क्लॅम्प केला, टोक फोरएंडवर, म्हणजे चॅसिसच्या पुढच्या भागावर, टेकवले आणि त्याला मागचा स्क्रू सावकाश सैल करायला सांगितले. ॲक्शन नीट बसलेली असेल तर काटा जवळजवळ हलत नाही, पाच शतांश मिलिमीटरच्या आत राहतो. इथे तो त्याच्या कितीतरी पुढे गेला. म्हणजे स्क्रू आवळताना ॲक्शन वाकत होती. चॅसिस उघडून भिंग लावले तर व्ही-ब्लॉकच्या (ॲक्शन जिच्यात बसते त्या खाचेच्या) कडेला कोटिंगचा बारीक फुगवटा. तो काढला, ॲक्शन परत बसवली. बसवताना रायफल बटावर उभी धरायची, म्हणजे ॲक्शन आपल्या वजनाने मागे टेकते. मग पुढचा-मागचा स्क्रू आळीपाळीने, टॉर्क रेंचने (किती जोर लावला ते मोजणाऱ्या पान्याने), बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यापर्यंत. हाताच्या अंदाजाने आवळू नका, ॲल्युमिनियममधले आटे एकदा गेले की स्टीलचे इन्सर्ट घालावे लागते. शेवटी बॅरलखालून कागदाची पट्टी सरकवून बघितली, कुठे अडकली नाही. पुढे पावसाळाभर त्याच्या रायफलीचा नेम जागचा हलला नाही. आधीचा दस्ता लाकडी होता आणि आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लाकूड फुगते, हे उद्यमनगरातल्या, ओतकामाचे लाकडी नमुने करणाऱ्या जुन्या पॅटर्नमेकरांना वेगळे सांगायला नको.

थ्री पोझिशनवाल्यांना तर हे सगळे एकाच सामन्यात तीनदा करावे लागते. गुडघ्यावर, झोपून आणि उभे राहून प्रत्येकी २० नेम, दर वेळी बट प्लेट, गालाची पट्टी, हात पुढे सरकू न देणारा स्टॉप बदलायचा, आणि घड्याळ चालूच. म्हणून प्रत्येक सरकत्या भागावर मिलिमीटरची पट्टी कोरलेली हवी आणि खेळाडूच्या वहीत त्याचे आकडे. कोरलेली नसेल तर कोरून घ्या, तासाभराचे काम आहे.

हे सारे लिहिण्यामागे माझे एकच मागणे आहे. रेंजवर प्रशिक्षक आहेत, लक्ष्य आहेत, मुले आहेत. रायफल अंगाला बसवून देणारे टेबल मात्र नाही. दुधाळीच्या रेंजवरून आणि क्रीडा संकुलातून एवढे खेळाडू घडले, तिथे एक मजबूत टेबल, वजनकाटा, टॉर्क रेंच, डायल गेज आणि ॲलन कीचा संच एवढे ठेवायला किती खर्च येतो? रायफल लाखांच्या घरात जाते, हे सामान तिच्यापुढे काहीच नाही. शाळांना आणि क्रीडा प्रबोधिनींना रायफली दिल्या जातात, तेव्हा त्यांच्यासोबत लहान मुलांच्या मापाचे स्पेसर आणि कमी उंचीच्या बट प्लेट मागवाव्यात. डावखुऱ्या मुलांसाठी निदान एक रायफल असावी.

आणि सुटे भाग आयात करण्याची गरजच काय? गालाच्या पट्टीचा आधार, स्पेसर, वजने, हाताचा आधार उंचावणारा राइझर, यांतले काहीही शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कुठल्याही व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) एका शिफ्टमध्ये निघेल, ॲनोडायझिंगच्या संरक्षक थरासह. याच शहरात बाबुराव पेंटर यांनी शंभर वर्षांपूर्वी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला होता. बट प्लेटसाठी जर्मनीच्या पार्सलची दोन-दोन महिने वाट बघणाऱ्या मुली मला रेंजवर दिसतात, तेव्हा वाईट वाटते. आयटीआयच्या मुलांना असे छोटे जॉब दिले तर त्यांनाही शतांशात काम करायची सवय लागेल. मापे बसली की नाही हे सांगायला खेळाडू समोर उभा असेल.

नियमांचा अभ्यास असलेला पंच किंवा प्रशिक्षक या टेबलाशी असायलाच हवा, कारण कुठल्या प्रकारात कुठली जोडणी चालते हे मशीनवाल्याने ठरवायचे नाही. टूलरूमवाल्याने माप घ्यावे, प्रशिक्षकाने शरीर बघावे, दोघांनी मिळून मुलीला विचारावे, "आता कसं वाटतंय?" आणि तिचे उत्तर वहीत लिहून ठेवावे.

माझा डायल गेज, टॉर्क रेंच आणि वजनकाटा रविवारी सकाळी रेंजवर आणायला मी तयार आहे, शेजारच्या दोन वर्कशॉपवाल्यांनीही होकार दिला आहे. मोबदला नको. जिल्ह्यातल्या नेमबाजी संघटनेने किंवा क्रीडा कार्यालयाने टेबलाला जागा आणि एक प्रशिक्षक द्यावा, दिवस त्यांनी कळवावा.

कळावे,
आपला नम्र,
एक टूलरूमचालक आणि नियमित वाचक
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर