कायदा उंबऱ्याबाहेर, विडी सोप्यात

महोदय,

आपल्या कर्नाटकात तंबाखू विकत घेण्याचं किमान वय २०२५ साली १८ वरून २१ झालं आणि सार्वजनिक ठिकाणी ओढणाऱ्याचा दंड २०० वरून १,००० रुपयांवर गेला. चांगलं झालं. पण निपाणी-चिकोडी भागातल्या तान्ह्या मुलाच्या नाकात धूर जातो तो बसस्थानकावर नाही, घरच्या सोप्यात. तिथं पोलिसानं यावं असं मी म्हणत नाही. बापानं ऐकावं एवढंच.

उन्हाळ्यात माणूस निदान अंगणात जाऊन ओढतो. एकदा पाऊस लागला की दारं-खिडक्या बंद, आणि विडी सोप्यातच पेटते. पलीकडे पाळणा असतो. बाळाचा श्वास मोठ्यांपेक्षा भरभर चालतो, श्वासनलिका अरुंद असतात. त्यामुळे तोच धूर त्याला जास्त बाधतो. छाती भरते, दमा बळावतो, कान फुटतो. झोपेत अचानक दगावण्याचा धोकाही अशा घरातल्या अर्भकांना जास्त असतो. पोर खोकायला लागलं की घरची मंडळी मात्र वखारीतल्या खकाण्याला, म्हणजे तंबाखूच्या बारीक धुळीला, बोल लावतात. खकाणा वाईटच, आणि विड्या वळणाऱ्या बायकांच्या मांडीवरच्या पोरांना तो चुकत नाही. पण त्यावर त्या घरची चूल पेटते. बापाच्या झुरक्यावर काय पेटतं?

‘विडी म्हणजे पानच की,’ असंही ऐकवतात. टेंभुर्णीच्या पानातून कागदासारखी हवा खेळत नाही, विडी विझू नये म्हणून झुरके जास्त मारावे लागतात, आणि धुरातलं डांबर न् कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा जास्तच भरतं.

त्यात ‘जा, कोपऱ्यावरनं बंडल आण’ म्हणून सात-आठ वर्षांच्या पोराला पिटाळतात. दुकानदार ओळखीचा, तो देतो. म्हणजे बापच पोराकरवी त्याला कायदा मोडायला लावतो. ‘बाबाला पाठव’ एवढं दुकानदारानं म्हटलं तरी पुष्कळ.

तंबाखूच्या पिकावर आमची गावं जगली. १९८१ मध्ये त्याच्या भावासाठी शेतकरी निपाणीच्या रस्त्यावर बसले, गोळीबारात माणसं गेली. तंबाखूला नाव ठेवायला इथं जीभ रेटत नाही, ती म्हणूनच. पण शेतात पिकवायचं म्हणजे बाळाच्या उशाशी ओढायचं असं कुठं आहे?

सोडायची असेल त्याच्यासाठी १८००-११-२३५६ ही मोफत सरकारी मदतवाणी आहे; नंबर पाकिटावर छापलेला असतो, कोणी वाचत नाही. आरोग्य खात्याला एक सुचवतो. लसीकरणाच्या दिवशी आशाताई सगळं आईला समजावतात, बाप तिथं नसतोच. त्याला गाठायचं तर सकाळी दूध घालायच्या वेळी डेअरीवर गाठा.

— एक वाचक, निपाणी (जि. बेळगाव)