२१४ रिकाम्या फायली आणि ताईंचा एक प्रश्न

प्रिय ताई,

त्या सोमवारी सकाळी फोनवर माझा आवाज रडवेला झाला होता, हे तुम्ही नंतर हसत हसत सांगितलंत. होणारच ना! वाचनालयातल्या जुन्या दिवाळी अंकांची २१४ पानं स्कॅन करून ठेवली होती. टेसरॅक्ट या चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमने त्यांतला मजकूर काढायचा आणि पान ‘झाले’ फोल्डरमध्ये हलवायचं, एवढीच माझी स्क्रिप्ट. शनिवारी हाताने चालवली तर झकास चालली. रविवारी रात्री दोनला क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, लावली. सकाळी बघते तर सगळी पानं ‘झाले’मध्ये, शेजारी २१४ टेक्स्ट फायली, आणि एकूण एक फाइल शून्य बाइटची.

"टेसरॅक्ट आहे हो मशीनवर, व्हिच कमांडने शोधलं की पत्ता दाखवतंय," मी हट्टाने सांगत होते. तुम्ही एवढंच विचारलंत, "तुला दाखवतंय. क्रॉनला दाखवतंय का?"

तिथेच घोडं अडलं होतं. टेसरॅक्ट मी स्वतः कंपाइल करून यूएसआर-लोकल-बिन फोल्डरमध्ये टाकलेलं, आणि आमच्या डेबियन लिनक्सवर क्रॉनचा पाथ, म्हणजे प्रोग्रॅम शोधायच्या फोल्डरांची यादी, यूएसआर-बिन आणि बिन एवढीच. शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्रॅम, दर पानाला १२७ म्हणत होतं, म्हणजे ‘असा प्रोग्रॅमच सापडला नाही’. माझी स्क्रिप्ट ते न ऐकता पान पुढे ढकलत होती. आणि त्या रिकाम्या फायली? आउटपुट फाइलमध्ये वळवलं की शेल आधी फाइल उघडतं, मग प्रोग्रॅम शोधायला निघतं. पाहुण्याचा पत्ता नाही आणि पाट-ताट मांडून तयार!

व्हिचबद्दलही तुम्ही कान टोचलेत. ते स्वतःच बाहेरचा प्रोग्रॅम, सगळ्या मशीनवर सारखं वागेल याचा भरवसा नाही. तेच काम करणारं ‘कमांड डॅश व्ही’ मात्र शेलच्या घरातलं, पॉझिक्स या युनिक्सच्या प्रमाणकात नोंदलेलं. आता स्क्रिप्टच्या डोक्यावरच आधी पाथ नीट लिहिलाय. त्याखाली कमांड डॅश व्हीने टेसरॅक्टची चौकशी. नसेल तर लॉगमध्ये एक ओळ आणि एक्झिट १, म्हणजे चूक कळवून तिथेच थांबणं. एकाही पानाला हात लावायच्या आत.

जाता जाता तुम्ही म्हणालात, "प्रोग्रॅम असून भागत नाही, त्याला मराठी येतं का तेही विचार." मला तेव्हा ते जरा अतीच वाटलं, खोटं कशाला बोलू? तरी टेसरॅक्टच्या लिस्ट-लँग्ज या भाषांच्या यादीत ‘एमएआर’ (मराठी) शोधणारी एक ओळ घातली.

गेल्या महिन्यात वाचनालयात नवा कॉम्प्युटर आला. टेसरॅक्ट या वेळी पॅकेजमधूनच घेतलं, आणि मराठीचं पॅकेज वेगळं असतं हे साफ विसरले. सकाळी लॉगमध्ये एकच ओळ होती: ‘टेसरॅक्ट आहे, मराठी नाही.’ पानं सगळी जिथल्या तिथे.

मनापासून आभार, ताई. त्या २१४ पानांचा मजकूरही आता निघालाय. पुढच्या खेपेला याल तेव्हा दाखवते.

तुमची,
वाचनालयातली स्क्रिप्टवाली