आजोबांच्या गोळ्या आणायला जाशील तेव्हा

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

कोरोनाच्या या लॉकडाऊनमध्ये शेजारच्या आजी-आजोबांचं सामान आणून द्यायचं कबूल केलंस, आणि मी रागावेन असं तुला वाटलं! काळजी वाटते गं, ती वाटणारच. पण त्या दोघांनी रांगेत ताटकळण्यापेक्षा तू गेलेली मला हजारदा चालेल. हा आजार तरुणांनाही होतो, पण साठी-सत्तरीच्या पुढे तो जिवावर बेतायची भीती कितीतरी जास्त. शिवाय दोन घरांचं काम एका फेरीत झालं की गर्दीतलं एक माणूस कमी होतं. घरात बसायचा हा सगळा खटाटोप त्यासाठीच तर आहे.

काम पत्करलंयस तर नीट कर. किराण्यात एखादी वस्तू मिळाली नाही तर दुसरी चालून जाते. औषधांचं तसं नाही. 'ती रक्तदाबाची पांढरी गोळी' एवढ्या माहितीवर निघू नकोस. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो घे आणि संपलेल्या गोळ्यांची रिकामी पट्टीही मागून घे. पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम छापलेले असतात. ५ च्या जागी १० आली तर डोस थेट दुप्पट! हवी ती गोळी नसेल आणि दुकानदार दुसरी देऊ लागला, तर आधी आजी-आजोबांना त्यांच्या डॉक्टरांना फोन करायला सांग. शेवटची पट्टी उघडली की लगेच तुला कळवायचं, हेही ठरवून ठेव. म्हणजे ऐनवेळी धावपळ नको.

मास्क नाकावरून घसरू देऊ नकोस. दुकान कोंदट असेल तर बाहेर, मोकळ्या हवेत थांब. घरी आल्यावर साबणाने निदान २० सेकंद हात चोळ. या विषाणूभोवती चरबीचं पातळ आवरण असतं, ते साबणाने फुटतं. नुसत्या पाण्याने ते होत नाही. १८४७ साली व्हिएन्नाच्या इस्पितळात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरांनी सहकाऱ्यांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. तेव्हा रोगजंतूंची नीट माहितीही कुणाला नव्हती. म्हणून म्हणते, हात धुण्याला किरकोळ समजू नकोस.

पिशवी दाराशी ठेवलीस की बेल वाजव आणि मागे सरून थांब. लगेच पळू नकोस. मुलं-नातवंडं दूर, भेटायला कुणी येत नाही. सामानाइतकीच त्यांना दोन शब्दांची गरज असेल. रुग्णांचे आकडे तू काढू नकोस, टीव्हीवर दिवसभर तेच चालू असतं. तुझ्या कामाचं सांग, त्यांच्या तरुणपणाचं विचार.

आणि पैशांचं. पावती पिशवीत टाक आणि जेवढे झाले तेवढे पैसे घे. तू 'राहू द्या हो आजी' म्हणालीस, तर पुढच्या वेळी गरज असूनही त्या तुला सांगणार नाहीत. त्यांना संकोच न वाटता हक्काने सांगता आलं पाहिजे.

तुझी,
आई