खानसाम्याला आधीच ठाऊक असतं

मा. संपादक,

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या इंग्रजी भूतकथांवर पानभर लेख आला, वाचला, आवडला पण. एकच खटकलं म्हणून लिहायला बसले, अख्ख्या लेखात औषधालासुद्धा एक बाई नाही! तिकडची मासिकं ख्रिसमस आला की भूतकथा छापायची आणि त्यातल्या कितीतरी बायकांच्याच असायच्या. त्यातली एक तर भारतात चौदा वर्षं राहिलेली, तिचंही नाव नसावं म्हणजे कमाल झाली. बिथिया मेरी क्रोकर. पुस्तकावर बी. एम. क्रोकर, त्यामुळे बाई आहे हे मलाच आधी कळलं नव्हतं.

मूळची आयर्लंडची, पाद्रीची मुलगी. १८७१ मध्ये लष्करातल्या ऑफिसरशी लग्न झालं आणि त्याच्या बदल्यांबरोबर ती इकडे आली. सिकंदराबादच्या उन्हाळ्यात वेळ जाईना म्हणून लिहायला लागली म्हणतात. पहिली कादंबरी 'प्रॉपर प्राइड' १८८२ ची. ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टन पार्लमेंटमध्ये बसून ती वाचत होते अशी एक गोष्ट सांगतात, खरीखोटी देव जाणे, पण पुस्तक तुफान खपलं. पुढे चाळीसच्या वर कादंबऱ्या, शिवाय कथासंग्रह. १९२० मध्ये लंडनला वारली आणि मग एवढी नावाजलेली बाई लोक विसरूनच गेले.

कादंबऱ्यांचं राहू दे, लग्नं जुळवण्याच्या त्या भानगडी मला झेपल्या नाहीत, दोन अर्ध्यावर टाकल्या. भूतकथा मात्र वाचाव्यात. 'टू लेट' (To Let, म्हणजे 'भाड्याने देणे आहे') नावाची कथा बघा (त्याच नावाचा संग्रह १८९३ मध्ये आला). लखनौच्या उकाड्याने हैराण झालेलं कुटुंब डोंगरावर घर शोधतं, मोठा बंगला, मोठा व्हरांडा, खाली दरी, आणि भाडं इतकं कमी की कुणालाही शंका यावी, यांना येत नाही. सगळं छान चालतं पावसापर्यंत. पाऊस लागला की संध्याकाळी घोड्याच्या टापा ऐकू यायला लागतात, मग किंकाळी. पुढचं सांगत नाही. हे मी जुलैमध्ये वाचलं, लाईट गेलेले, पत्र्यावर पाऊस, मोबाईलची बॅटरी बारा टक्के. आणि आपल्याकडे जुनी घरं स्वस्तात मिळाली म्हणून उड्या मारणारे बाहेरचे लोक डोळ्यासमोर आले ते वेगळंच.

दुसरी डाकोरच्या डाक बंगल्याची. दोन बायका नाताळसाठी नवऱ्यांकडे निघालेल्या, वाटेत ओस पडलेल्या डाक बंगल्यात रात्र काढतात आणि तिथे पूर्वी झालेला खून एकीला दिसतो. तिसरी 'द रेड बंगलो', ही सगळ्यात वाईट, म्हणजे चांगली. नोकरमाणसं नको नको म्हणतात, मेमसाहेब ऐकत नाही आणि भोगतात लहान मुलं. त्यांनी काय पाहिलं ते क्रोकर शेवटपर्यंत सांगत नाही. तिथेच घाम फुटतो.

माझा मुद्दा इथेच आहे. तिच्या कथेत भूत आहे हे आधी कुणाला ठाऊक असतं? आयाला, खानसाम्याला, गाडीवानाला. साहेब हसतो. माझी आजी गोव्यातल्या सावईवेऱ्याची, संध्याकाळनंतर पाणंदीने कुणी निघालं की म्हणायची देवचाराची, म्हणजे गावाच्या राखणदाराची, वेळ झाली, घुंगुरकाठी ऐकलीस तर बाजूला हो. रोंट आणि सोरो, म्हणजे जाड भाकरी आणि दारू, वेळेवर पोचलं की तो कुणाला काही करायचा नाही. म्हणजे भूत असतं की नसतं हा वादच नव्हता, त्याच्याशी वागायचं कसं एवढंच शिकायचं. क्रोकरच्या नोकरांना हेच माहीत असतं. पण ती त्यांच्या तोंडी भाषा अशी घालते की वाचताना राग येतो, सगळे आपले हात जोडून उभे. मेमसाहेबाची नजर आहे, ती कुठे जाणार. ब्रिटिश इंडियात कुक आणि बटलर म्हणून आपले गोंयकार किती होते, त्यांनी घरी आल्यावर याच गोष्टी सरळ भाषेत सांगितल्या असतील.

म्हणून म्हणते मराठीत आणा. मराठीत खानसामा नीट बोलेल. कॉपीराईटची कटकट नाही, आपल्याकडे लेखक गेल्यावर साठ वर्षं, म्हणजे कधीच संपला. पुरवणीत क्रमशः द्या, चार रविवार पुरतील. आणि ते जमलं तर ॲलिस पेरिनही घ्या, ही मसुरीची, जन्म १८६७, तिच्या 'ईस्ट ऑफ सुएझ' (१९०१) या संग्रहातल्या एका कथेत शिकारीला गेलेला साहेब एका फकिराला गोळी घालतो आणि मग त्याच्यामागे एक कोल्हा लागतो.

'टू लेट'ची सहा पानं मी करून ठेवलीत, हवी तर पाठवते. व्हरांड्यापाशी अडलंय. मी बाल्कांव (आपल्या गोव्यातल्या घरांची दारापुढची बसायची जागा) लिहिलं होतं, मुलगी म्हणाली आई, बाल्कांवातून घोडा दरीत कसा पडणार. तेही खरंच.

आपली,
एक वाचक, फोंडा