हॅमॉकला झोळ हवाच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत भटकंतीच्या पानावर हॅमॉकवरचा, म्हणजे दोन झाडांना बांधून टांगायच्या कापडी झोळीवरचा, लेख वाचला. लेखाबद्दल काही म्हणणं नाही, सोबतच्या फोटोबद्दल आहे. हॅमॉक खाटेसारखा ताठ ओढलेला, झाडाला करंगळीएवढी नायलॉनची दोरी आणि वरची ताडपत्री इतकी उंच की खालून बैलगाडी जावी. माझं साताऱ्यात ताडपत्री शिवण्याचं दुकान आहे. वडील ट्रकच्या ताडपत्र्या आणि मंडपाच्या कनाती शिवायचे. मी तेही करतो आणि अलीकडे ट्रेकला जाणाऱ्या पोरांची हलकी कामंही घेतो. तो फोटो आल्यापासून मोबाइल पुढे करून "काका, अगदी अस्संच पाहिजे, एकदम टाइट" म्हणणारी गिऱ्हाइकं यायला लागली आहेत, म्हणून हे पत्र.

घट्ट बांधलं की सपाट झोपता येईल, असं सगळ्यांना वाटतं. होतं उलटंच. ताठ कापडात माणूस आडवा झाला की दोन्ही कडा खांदे आवळतात, कूस बदलायची म्हटलं तर खाली पडायची धास्ती, आणि ताण सगळा दोरीवर येतो. हा हिशोब शाळेतल्या गणिताचा आहे. हॅमॉक झाडाला बांधणारा पट्टा आडव्या रेषेपासून ३० अंश झुकलेला असेल, तर ७० किलोच्या माणसाचा ताण दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवर प्रत्येकी ७० किलो पडतो. कोन १५ अंशांवर आला की तोच ताण १३५ किलोच्या घरात जातो आणि १० अंशांवर २०० किलोवर. माणूस तेवढाच, जेवण तेवढंच, पण शिवणीला तिप्पट ओझं. त्यामुळे उसवलेला माल घेऊन कुणी आलं की मी आधी कोन विचारतो, धाग्याचं नंतर बघतो.

३० अंश मोजायला काही लागत नाही. अंगठा आणि तर्जनी काटकोनात ताणा, तर्जनी आडवी धरा, अंगठा वर. दोन्ही बोटांची टोकं जोडणारी जी तिरकी रेषा होते, पट्ट्याचा उतार साधारण तिच्याएवढा ठेवा. झाडांमधलं अंतर १२ ते १५ फूट असेल तर पट्टा सुमारे डोक्याच्या उंचीला बांधावा लागतो आणि बसल्यावर बूड खुर्चीच्या उंचीला येतं. त्याहून उंच टांगण्यात शौर्य नाही. रात्री लघवीला उठणाऱ्या माणसाला विचारा.

मी शिवतो ते कापड ११ फूट लांब आणि ५ फूट रुंद असतं. दोन्ही टोकांना नेफा, नेफ्यात दोर ओवून चुण्या गोळा करायच्या, आणि दोन टोकांच्या मधून वरच्या अंगाला एक न ताणणारी बारीक दोरी कायमची बांधून ठेवायची. तिची लांबी कापडाच्या ८३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ११ फुटी कापडाला ९ फुटांहून जराशी जास्त. ती असली की झाडं जवळ असोत की लांब, झोळ रोज तोच मिळतो. मग झोपायचं ते तिरकं. डोकं मधल्या रेषेच्या एका बाजूला, पाय दुसऱ्या बाजूला. कापड त्या तिरक्या रेषेत सपाट होतं आणि पाठ सरळ राहते. पुण्याहून आलेल्या एका मुलीला दुकानाच्या दोन खांबांमध्ये टांगून दाखवलं, तर ती बिल द्यायचं सोडून तिथेच डोळे मिटून पडली.

आता झाड. सालीच्या लगेच खाली जो जिवंत थर असतो, तिथूनच झाड वाढतं. बारीक दोरी भाराखाली तो थर चिरडते. म्हणून पट्टा किमान एक इंच रुंद हवा, दोन इंच असेल तर उत्तम, आणि तोही पॉलिएस्टरचा. नायलॉनचा पट्टा ताणत जातो, पहाटे माणूस जमिनीला टेकलेला असतो. झाड जिवंत, मांडीएवढं जाड आणि वर वाळकी फांदी नसलेलं बघावं. शेवगा आणि पांगारा यांच्या वाटेला जाऊ नये, लाकूड कच्चं. पाचगणीकडचे सिल्व्हर ओक दिसायला सरळसोट, पण वाऱ्यात त्यांच्या फांद्या मोडतात. ऐन, हिरडा असं काही मिळालं तर निर्धास्त.

ताडपत्रीबद्दल मात्र जरा लांबण लावतो, तो माझा धंदा आहे. बाजारातली १२ बाय १० फुटांची १२० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाची) प्लॅस्टिकची ताडपत्री साधारण १.३ किलो भरते. तेवढ्याच मापाची, सिलिकॉनचा लेप दिलेल्या २० डेनियर (म्हणजे अगदी बारीक धाग्याच्या) पॉलिएस्टरची अर्ध्या किलोच्या आसपास बसते. सिलिकॉनवालं नायलॉनही मिळतं आणि ते फाटायला चिवट असतं, पण नायलॉन पाणी पितं आणि ओलं झालं की सैल पडतं. संध्याकाळी ढोलासारखी वाजणारी ताडपत्री मध्यरात्री पोट सोडते, आणि पावसात उठून दोऱ्या ओढाव्या लागतात. नायलॉनच घ्यायचं असेल तर कोपऱ्याच्या दोऱ्यांत वीतभर इलॅस्टिक घालून घ्या, सैल पडलेलं तेच ओढून धरतं. या कापडाच्या कडा मी सरळ कापत नाही. १० फुटांच्या कडेला मध्यभागी चार-पाच इंच आत वळवून कापतो. सरळ कड वाऱ्यात फडफडते, आत वळलेली कड कोपरे ओढले की आपोआप ताठ होते. गिऱ्हाईक म्हणतं, "काका, कापड कमी दिलंत!" दर वेळी समजावून सांगावं लागतं. मधल्या शिवणीला दुहेरी दुमड आणि वरून टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेलं सिलिकॉन ब्रशने लावायचं, नाहीतर सुईच्या प्रत्येक भोकातून थेंब येतो.

पावसाची लक्षणं असतील तर आधी ताडपत्री बांधा, तिच्याखाली हॅमॉक. सकाळी आवरताना उलट क्रम. ताडपत्रीची दोरी हॅमॉकच्या पट्ट्यापेक्षा वेगळी आणि हॅमॉकवरच्या दोरीहून वीतभरच वर. ज्या अंगाने वारा येतो ती कड जमिनीपर्यंत खाली घ्या. मे महिन्यातला वळीव दिशा बदलून झोडपतो, तेव्हा दुसऱ्या बाजूचे खुंटे आधीच मारून ठेवावेत. आणि एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही: झाडावरून ओघळलेलं पाणी पट्ट्यावरून चालत थेट अंथरुणात येतं. पट्ट्याला ताडपत्रीच्या आतल्या अंगाला पायजम्याच्या सुती नाडीचा तुकडा लोंबता बांधा. पाणी त्यावरून खाली गळतं. गाठी सगळ्या सुरगाठी. ओल्या दोरीची निरगाठ गारठलेल्या बोटांनी सुटत नाही, मग चाकू निघतो आणि माझं काम वाढतं.

डिसेंबर-जानेवारीत खालून वारा लागतो. स्लीपिंग बॅगचा पाठीखालचा भाग दबतो आणि ऊब जाते. फोमची मॅट आत घाला, ती नसेल तर घोंगडं. लोकर दबली तरी थोडी ऊब धरते.

हे सगळं सांगूनही, आपल्याकडे हॅमॉक सगळीकडे चालत नाही. कळसूबाईच्या माथ्यावर किंवा कासच्या सड्यावर कशाला बांधणार? मग पोरं दुसरं काही शोधतात. एका गडावर देवळाच्या दगडी खांबाला पट्टा आवळलेला मी पाहिला आहे, दुसरीकडे तोफेला. शेकडो वर्षं उभ्या बांधकामाला आडवा ओढ देणं म्हणजे दगड निखळण्याला आमंत्रण. तिथे सरळ जमिनीवर झोपावं. देवराईत तर वाळकी काटकीसुद्धा लोक उचलत नाहीत, तिथल्या झाडाला पट्टा बांधण्याआधी गावात विचारावं. कोयनेच्या जंगलातल्या वासोटा किल्ल्यावर जाणाऱ्यांनी हॅमॉक घरीच ठेवावा. कोयना अभयारण्य २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, आणि तिथे रात्रीचा मुक्काम करता येत नाही. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग, बांदा भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा ताप गोचिडीच्या चाव्याने होतो. हॅमॉक जमिनीपासून वर असला तरी बांधताना पालापाचोळ्यात उभं राहावंच लागतं, तेव्हा तिकडे जाणाऱ्यांनी पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि अंग तपासूनच आत शिरावं.

पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा फोटोऐवजी एक साधं रेखाचित्र द्यावं, त्यावर ३० अंश आणि पट्ट्याची रुंदी लिहावी, अशी विनंती. चित्र काढायला माप हवं असेल तर दुकान सोमवारी बंद असतं, बाकी रोज सकाळी दहापासून मी तिथेच असतो.

आपला नियमित वाचक,
एक ताडपत्रीवाला, सातारा